देणगीदार कक्षाची वही : स्मृती-ठेवींचं काम, सांगली, एप्रिल ते जुलै २०२५

१ एप्रिल, मंगळवार

काल रात्री उशिरापर्यंत यूपीआयवर पैसे येत होते. पावतीवर ३१ मार्च हवा म्हणून लोक शेवटच्या दिवशी जागे होतात, दरवर्षीचंच. आज सकाळी दोघांनी कालच्या तारखेचे धनादेश आणून दिले. पावती आजचीच मिळेल म्हटल्यावर एकजण रुसले. धनादेशावर काय तारीख घातली याला महत्त्व नाही, तो आमच्या हातात कधी पडला ते बघायचं, असं समजावलं. चहा पिऊन गेले, म्हणजे राग फार नव्हता.

विश्वस्त मंडळाने मार्चमध्ये ठरवलेलं काम आजपासून हाती घेतलं. न्यासाकडे जुन्या 'स्मृती-ठेवी' आहेत : अमुक यांच्या स्मरणार्थ एवढे रुपये कायम ठेव, तिच्या व्याजातून दरवर्षी तमुक. ताळेबंदात त्या सगळ्या मिळून एकच ओळ. कोणाची ठेव कशासाठी, हे फक्त जुन्या पावत्यांत आणि सभेच्या इतिवृत्तांत. सीए दोन वर्षं मागे लागले आहेत. २०२१-२२ पासून कॉर्पसचा, म्हणजे अशा कायम ठेवींचा, पैसा वेगळा आणि त्याच नावाने गुंतवलेला दिसावा लागतो, नाहीतर तो उत्पन्नात धरला जाऊ शकतो. त्यात न्यासाची ८०जीची नोंदणी (जिच्यामुळे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते ती) पुढच्या मार्चअखेर संपते. नूतनीकरणाचा १०एबी अर्ज ३० सप्टेंबरच्या आत जायला हवा, आणि तेव्हा कोणी विचारलं तर 'एकच ओळ' हे उत्तर होत नाही.

जूनअखेर मंडळाला सांगायचं आहे : कोणत्या ठेवी आहेत तशा चालवायच्या, कोणत्या वाढवून घ्यायच्या, कोणत्यांचं काय करायचं ते कोणालाच माहीत नाही.

४ एप्रिल

गोदरेजचं कपाट उघडलं. वरचे कप्पे ठीक. खालच्या दोन कप्प्यांतल्या वह्यांवर २०१९ च्या पुराची रेघ आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), आणि गावभागातल्या तळमजल्यांचं जे झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. वह्या तेव्हा गच्चीवर वाळवल्या होत्या. पानं फुगून पापडासारखी झाली आहेत, पण बोरूच्या काळ्या शाईचं अक्षर टिकलंय. बॉलपेनचं निळं मात्र पसरून गेलंय. म्हणजे साठच्या दशकातल्या नोंदी वाचता येतात आणि ऐंशीच्या वाचता येत नाहीत.

हिशेब बघणारे काका म्हणाले, "इतिवृत्त बघा. पैसे घेतले की ठराव व्हायचाच." खरंच. पुसट पावत्यांपैकी बऱ्याच इतिवृत्तावरून लागल्या.

९ एप्रिल

रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) आज ६ टक्क्यांवर आणला. ठेवींच्या व्याजावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांना ही बातमी गोड नाही. जूनमध्ये नूतनीकरणाला येणाऱ्या बँकेतल्या ठेवींची यादी काकांनी लगेच काढली.

स्मृती-ठेवींतली एक नोंद इथे पूर्ण उतरवून ठेवते, कारण हिच्यावर मंडळात बोलणं होणार. १९७३ ची. रुपये १,००१. "मातोश्रींच्या स्मरणार्थ. व्याजातून प्रतिवर्षी या शाळेतून मॅट्रिकला संस्कृत विषयात प्रथम येणाऱ्या मुलीस पारितोषिक." आता बघा : अकरावीची मॅट्रिक १९७५ च्या सुमारास गेली, दहावी आली. ते निदान 'शालान्त परीक्षा' म्हणून समजून घेता येतं. त्या शाळेत संपूर्ण संस्कृत घेणारं कोणी उरलेलं नाही, त्याला मात्र उपाय नाही. आणि साडेसहा टक्क्यांनी १,००१ चं वर्षाचं व्याज होतं ६५ रुपये. १९७३ साली पंचवीस-तीस रुपयांत मुलीला चांगली पुस्तकं मिळाली असतील. आता ६५ रुपयांत समारंभाचा हारही येत नाही.

१७ एप्रिल

वारस शोधायचं काम. पत्ते "वखारभाग, मारुती मंदिरामागे" असे, फोन नंबर असलेच तर चार-पाच आकडी. गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्याच्याकडे कोण कुठे राहायला गेलं याची नोंद आमच्यापेक्षा चांगली असते. त्याखालोखाल शाळांचे माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट.

पत्राचा मसुदा बदलला. आधीच्यात "आपल्या ठेवीसंदर्भात" असं होतं, ते वाचून एका नातवाला वाटलं पैसे परत मिळणार. पासबुक घेऊन आला बिचारा. ठेव म्हणजे बँकेतली नव्हे, आजोबांनी दान दिलेली रक्कम, ती न्यासाची झाली, घराण्याचा हक्क फक्त नाव आणि हेतू सांभाळला जातोय ना हे विचारण्याचा, हे समजावायला अर्धा तास गेला. आता पहिल्याच ओळीत लिहिलंय : "आपल्या आजोबांनी दिलेल्या देणगीतून आजवर काय झालं हे कळवण्यासाठी हे पत्र." पैशांचं नंतर. नव्या पत्राला उत्तरं येताहेत, आणि बहुतेकांना घरात कोणी असं काही दिलं होतं हेच ठाऊक नव्हतं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

फोन सकाळपासून. आजच्या दिवशी दिलेलं क्षय पावत नाही, ही श्रद्धा आमच्या वार्षिक आवाहनापेक्षा जास्त देणग्या आणते.

गुप्तदानाचा प्रश्न पुन्हा आला. एक गृहस्थ रोख पन्नास हजार घेऊन आले. नाव लिहू नका, पावती नको. त्यांना सांगितलेलं इथे मांडून ठेवते, कक्षात आलेल्या नव्या मुलीला उपयोगी पडेल :

नाव अहवालात, फलकावर, कुठेही येणार नाही. 'एक हितचिंतक' एवढंच छापू. पण वहीत नाव-पत्ता लिहावाच लागतो. नाव-पत्त्याची नोंदच नसलेल्या देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तिच्या पुढे गेल्या, की वरच्या पैशांवर न्यासाला ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना सूट आहे, म्हणून देवळाच्या दानपेटीला कोणी नाव विचारत नाही. आम्ही धार्मिक नाही. आणि रोख २,००० च्या वर असेल तर ८०जीचा लाभ नाही, तो त्यांना नकोच होता.

ऐकून घेतलं. म्हणाले, "वहीत लिहा, पण वही कोण बघतं?" काका आणि मी आणि ऑडिटर. हसले आणि लिहून दिलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे खरं, पण ऑडिटरला कळलेलं चालतं असं त्यांनी ठरवलं असावं.

९ मे

दोन दिवस सगळे फोन सीमेवरच्या बातम्यांवरून. "जवानांसाठी निधी उघडलात का?" नाही, आणि उघडणार नाही. आमच्या उद्दिष्टांत ते बसत नाही. राष्ट्रीय संरक्षण निधीला थेट द्या, तिथे १०० टक्के वजावट आहे, आमच्याकडे ५०, तीही मर्यादेत. एका विश्वस्तांना वाटलं आपण संधी घालवतो आहोत. असेल. पण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवणं हेही या टेबलाचं काम आहे, आणि असा दाता पुढे आपल्या कामासाठी परत येतो असा अनुभव आहे.

१३ मे

दहावीचा निकाल. ठेवींतली निम्मी बक्षिसं याच निकालाला बांधलेली, त्यामुळे शाळांकडून याद्या मागवल्या.

२० मे

स्मृती-ठेवी बाजूला. १०बीडीचा हंगाम. मागच्या आर्थिक वर्षातल्या प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, प्रकार असं सगळं ३१ मेच्या आत आयकराच्या पोर्टलवर चढवायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, शिवाय दहा हजारांपासून लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ते भरल्यावरच प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. हल्ली वजावट मिळते ती या प्रमाणपत्रावर, आमच्या छापील पावतीवर नाही. जुन्या दात्यांना हे पटवणं कठीण. गणपतीचं चित्र असलेली पावती हीच त्यांच्या लेखी खरी पावती.

२२ मे

पॅन तपासणी. नव्या मुलीला युक्ती शिकवली : व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर पी. एच असेल तर अविभक्त हिंदू कुटुंब, सी असेल तर कंपनी. आणि पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं आद्याक्षर. तिने फिल्टर लावून यादी काढली, त्यात न जुळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका निघाल्या. ती घाबरली. घाबरण्यासारखं काही नाही, पॅन लग्नाआधी काढलेलं, आडनाव माहेरचं. नंतर नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. उरले ते मात्र खरे घोटाळे : नवऱ्याच्या देणगीवर बायकोचं पॅन, ओ च्या जागी शून्य, आणि एका ठिकाणी पॅनच्या रकान्यात गाडीचा नंबर.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसलाय. कृष्णेकडे बघण्याची सवय मे मध्ये लागेल असं वाटलं नव्हतं.

आजचा अवघड फोन. वडील फेब्रुवारीत गेले. मुलीने मार्चमध्ये तिच्या खात्यातून २५,००० दिले, वडिलांच्या नावाने. पावती वडिलांच्या नावाने हवी, प्रमाणपत्रही. त्यांचं पॅन तिने पाठवलंय. पैसे जिच्या खात्यातून आले ती देणगीदार. गेलेल्या माणसाच्या नावावर, तो गेल्यानंतरच्या तारखेची देणगी दाखवता येत नाही. हे वाक्य असंच फोनवर बोललं तर कोणाचंही मन दुखावेल. म्हणून आमची जुनी पद्धत : पावती मुलीच्या नावाची, तिच्याखाली मोठ्या अक्षरात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", आणि वेगळं आभारपत्र फक्त वडिलांबद्दल. आभारपत्रात त्यांनी आयुष्यात काय केलं ते दोन ओळींत यावं म्हणून मी विचारते. ते बाजारात हळदीचे तोलार होते. चाळीस वर्षं वजनकाटा. ते लिहिलं. मुलगी म्हणाली, "हेच फ्रेम करणार. इन्कम टॅक्सचं काय ते तुमच्याकडेच ठेवा."

२९ मे

१०बीडी भरलं. दोन दिवस हातात ठेवून, कारण ३१ तारखेला पोर्टल कसं वागतं हे सगळ्यांना माहीत आहे.

या वर्षी एक वेगळा प्रश्न वारंवार : "मी नव्या करप्रणालीत गेलो, मग तुमच्या प्रमाणपत्राचा उपयोग काय?" काही नाही. नव्या प्रणालीत ८०जीची वजावट नाही, आणि बारा लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर पेन्शनवाले सगळे तिकडेच चाललेत. मला भीती होती देणग्या आटतील. अजून तरी वजावटीसाठी देणारे मोठ्या रकमांचेच निघाले. पाचशे-हजार देणाऱ्याने कर कधी मोजला नव्हता.

६ जून

रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने खाली, ५.५ वर. ठेवींचे दर मागोमाग येणारच. एका विश्वस्तांनी पतसंस्थेचा दर आणून दाखवला, बँकेपेक्षा बराच चढा. न्यासाने पैसे कुठे गुंतवायचे याची यादी आयकर कायद्याच्या ११(५) मध्ये आहे : तिच्यात बँका येतात, बँकिंग करणाऱ्या सहकारी संस्था येतात. नुसती पतसंस्था आम्हाला चालत नाही. शिवाय या जिल्ह्यात ज्यांच्या ठेवी एकदा बुडाल्यात त्यांना जास्त व्याजाचं कौतुक सांगू नये. बँकेतही पाच लाखांपर्यंतच विमा आहे, म्हणून रकमा वेगवेगळ्या बँकांत वाटून ठेवण्याचं धोरण कायम.

१२ जून

वारसांच्या पत्रांना आलेल्या उत्तरांत एक न्यू जर्सीहून. आजोबांच्या ठेवीत पाच हजार डॉलर घालायची इच्छा. अमेरिकी नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). म्हणजे कायद्याच्या भाषेत परकीय स्रोत. आम्हाला एफसीआरए नोंदणी (परकीय देणग्या घेण्यासाठी लागते ती) नाही, म्हणून घेता येत नाहीत, त्यांच्या इथल्या बँक खात्यातून रुपयांत दिले तरीही नाही. नोंदणी काढायची तर मागच्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर पंधरा लाख खर्च झालेला हवा, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं, आणि दरवर्षीचं वेगळं विवरण. एका देणगीसाठी एवढा पसारा नको, असं मंडळाचं मत आहे आणि माझंही.

त्यांनी सुचवलं, आईच्या खात्यावर पाठवतो, आई तुम्हाला देईल. मूळ देणगीदार कोण हे माहीत असताना तसं घेणार नाही असं कळवलं. थोडं लागलं असावं त्यांना. त्यांचा चुलतभाऊ दुबईला आहे, भारतीय पासपोर्टवर. त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परकीय धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मागवली आहे. एकाच आजोबांचे दोन नातू, दोघांना दोन नियम.

१८ जून

मिरजेला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दुपारचं जेवण असतं, त्याचे दाते तिथीने बांधलेले. संगणकाला तारीख कळते, तिथी कळत नाही, म्हणून दरवर्षी पंचांग घेऊन हाताने तक्ता करते. २०२६ चा तक्ता आत्ताच घेतला, कारण पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ज्येष्ठातल्या तिथ्या असणाऱ्यांना फोन करून विचारायला लागेल. बहुतेक घरं निज ज्येष्ठात करतात, पण गृहीत धरू नये.

एका आजींनी दुसरी गोष्ट लक्षात आणून दिली होती : कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, श्राद्धाला दुपारची धरतात. तेव्हापासून तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना आहे. आईची तिथी कोणतीही असो, अविधवा नवमीलाच जेवण हवं असं सांगणारी चार घरं आहेत. त्यांच्यासमोर लाल खूण.

२४ जून

१९७३ च्या ठेवीच्या वारस सापडल्या. दात्यांची मुलगी, पुण्यात असतात, वय ऐंशीच्या पुढे. माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाल्या, "संस्कृतचं काही नव्हतं हो. आजीला शिकायचं होतं, शिकवलं नाही. बाबांना वाटायचं मुलींनी मॅट्रिकच्या पुढे जावं. संस्कृतचे मास्तर त्यांचे मित्र होते म्हणून तो विषय घातला."

सगळं कोडं फोनवरच्या चार वाक्यांत सुटलं, आणि कागदावर तरीही सुटलेलं नाही. कारण ठरावात 'संस्कृत' लिहिलंय. दात्याची अट बदलण्याचा अधिकार ना मुलीला, ना मंडळाला. मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ५५व्या कलमाने जवळच्या हेतूकडे वळवता येतं, पण त्यासाठी धर्मादाय आयुक्तांपासून सुरुवात. १,००१ रुपयांसाठी वकिलाची फी किती, हा हिशेब काकांनी तोंडी केला आणि चष्मा काढून ठेवला.

२८ जून, मंडळाची बैठक

तीन पानी टिपण दिलं होतं. अध्यक्षांनी दुसऱ्या पानावरचं वाचायला लावलं, ते असं : ही अडचण आपली एकट्याची नाही. १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन (एका गावातल्या अनेकांच्या देणग्या एकत्र सांभाळणारी संस्था) काढलं ते याच त्रासातून. त्याच्या बँकेत मेलेल्या माणसांच्या अटींत अडकलेले निधी पडून होते. त्याने तोड काढली ती अशी की पैसा घेतानाच संस्थेने लिहून घ्यायचं : हेतू कालबाह्य झाला तर मंडळ तो जवळच्या कामाकडे वळवेल. मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला तोही या घराण्यातला. आपल्या पावतीवर असं वाक्य आजपर्यंत नाही.

चर्चा लांबली. एका ज्येष्ठ विश्वस्तांचा विरोध : "दात्याने विश्वासाने दिलं, आणि पावतीवरच आपण पळवाट छापायची?" मला त्यांचं म्हणणं झटकून टाकता आलं नाही. हा अधिकार हातात आला की नको तिथेही वापरायचा मोह होईल. शेवटी वाक्य ठरलं ते त्यांच्या दुरुस्तीसह : हेतू पार पाडणं शक्य उरलं नाही तरच, वारसांना लेखी विचारून, आणि कारण अहवालात छापून.

बाकी ठरलं ते थोडक्यात. चालण्यासारख्या ठेवी आहेत तशाच. ज्यांचे वारस भर घालायला तयार आहेत त्यांना किमान २५,००० ची विनंती. नुसत्या 'गरजू विद्यार्थ्यास' अशा मोकळ्या अटींच्या लहान ठेवींचं व्याज एकत्र करून एक भरीव शिष्यवृत्ती. प्रमाणपत्रावर सगळी नावं, एकही गाळायचं नाही. ज्यांची अट मेली आहे अशांचा एकच एकत्रित अर्ज धर्मादाय कार्यालयाकडे, म्हणजे वकिलाची फी वाटली जाईल.

४ जुलै

पुण्याच्या बाईंचे ५०,००० आले. हेतू त्यांनी स्वतःच्या अक्षरात : "दहावीनंतर शिकणाऱ्या मुलीस. विषय कोणताही." नवं वाक्य असलेली ही पहिली पावती. १,००१ ची ठेव तिच्या अटीसह वेगळी राहील, धर्मादाय कार्यालयाकडच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत.

दुबईचे पैसे आले, पासपोर्टची प्रत फाइलला लावली.

९ जुलै

दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. लाखाची ठेव, आईच्या नावाने, "आमच्या गावच्या शाळेत दहावीला मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीला." पावतीवरचं नवं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मी विचारलं, शाळेत दहावीला किती मुलं? चौदा. पाच वर्षांपूर्वी? चाळीस. पट असाच उतरला आणि वर्ग बंद झाला तर?

"तर पलीकडच्या गावच्या शाळेला द्या. तिथे माझ्या बहिणीच्या मुली शिकल्यात." मग हे लिहून ठेवा ना, म्हटलं. पावतीच्या मागच्या बाजूला त्यांनी दोन्ही शाळांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहिली आणि खाली, शाळाच उरली नाही तर तालुक्यातली कोणतीही. सही, तारीख. इतिवृत्तात ते जसंच्या तसं घ्यायला सांगितलंय, कारण पावती पुन्हा पाण्यात जाऊ शकते.

१०एबीची कागदपत्रं शुक्रवारी सीएंकडे : नोंदणीचा जुना आदेश, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि ठेवींची यादी, एका ओळीऐवजी आता अकरा पानांची. खालच्या दोन कप्प्यांतल्या वह्या स्कॅन करायला दिल्या. मूळ वह्या आता माळ्यावर.